पहिले पाच कोण ठरवतो?

संकेतस्थळाच्या पानावर यादी क्वचितच पूर्ण दिसते. हजारो बातम्यांतल्या पाच, शेकडो पुस्तकांतली दहा, ढीगभर प्रतिक्रियांतल्या वरच्या तीन. बाकीचे सारे डेटाबेसात असते, पण वाचणाऱ्याच्या लेखी ते नसल्यासारखेच. पान बांधणाऱ्या प्रोग्रामरला हे काम एका ओळीत करता येते आणि एका ओळीचे असल्यामुळेच त्यावर फारसे कुणी थांबत नाही. यादी कुठे तोडायची हे आपण मांडणीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. माझ्या मते ते संपादनाच्या खात्यातले काम आहे.

जँगो या वेब चौकटीचा जन्म तर वर्तमानपत्राच्या कचेरीतलाच. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली ती पायथन भाषेत लिहायला घेतली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नाव मिळाले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. पहिल्या पानावर काय घ्यायचे आणि आतल्या पानावर काय ढकलायचे, हा वर्तमानपत्राचा रोजचाच उद्योग. तेव्हा तिथे तयार झालेल्या साधनात यादी कापण्याची सोय हाताशी असावी, यात नवल नाही.

या सोयीचे नाव स्लाइस. टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, यादीच्या नावापुढे उभी रेघ ओढायची, स्लाइस लिहायचे आणि अवतरणचिन्हांत ‘:५’ असे सांगायचे. पहिले पाच घटक पानावर येतात. गंमत म्हणजे तो ५ देवनागरीत लिहिला तरी पायथनला कळतो. जँगोची टेम्पलेट भाषा मुद्दाम तोकडी ठेवली आहे. एचटीएमएल जाणणाऱ्या पण प्रोग्रामिंग न करणाऱ्या माणसालाही ती हाताळता यावी, आणि निर्णयांचा गुंता पानाच्या साच्यात शिरू नये, हा तिच्यामागचा विचार. तरीही स्लाइस त्या साच्यात आहे, आणि त्याच्या आडून एक निर्णय गुपचूप आत येतो.

पायथनच्या या चिन्हपद्धतीत एक सुंदर शिस्त आहे. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडा तुकड्यात धरला जात नाही. म्हणून ‘:५’ आणि ‘५:’ हे दोन तुकडे शेजारी ठेवले की मूळ यादी जशीच्या तशी परत मिळते. एकही घटक दोनदा येत नाही, एकही गळत नाही. अशा मोजणीचा पुरस्कार एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात केला होता. मला या शिस्तीत नैतिकही काही दिसते. कापणारी खूण स्वतःच सांगते की प्रत्येक ‘:५’ ला एक ‘५:’ असतो. आपण मात्र पानावर पहिला तुकडा मांडतो आणि दुसऱ्याची वाच्यताही करत नाही.

पहिले पाच म्हणताना आधी क्रम लागतो. तो कुणी लावला? डेटाबेसला क्रम सांगितला नसेल तर तो ओळी कोणत्याही क्रमाने देऊ शकतो. आज मिळालेला क्रम उद्या मिळेलच याची हमी डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, एसक्यूएल, देत नाही. म्हणजे क्रम न लावता घेतलेले पहिले पाच हे खरे तर कुठलेही पाच. नावांप्रमाणे लावू म्हटले तरी प्रश्न सुटत नाही, निदान मराठीत नाही. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. ‘ॲ’ची कथा आणखी विचित्र. हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून टंकले तर त्याचा क्रमांक ‘ह’च्याही नंतर येतो, ‘अ’वर चंद्र देऊन टंकले तर ते ‘अ’मध्ये मोडते. समजा, वकिलांची यादी आहे, प्रत्येक नावाआधी ‘ॲड.’ आहे आणि डेटाबेस नुसत्या क्रमांकांवरून ती लावतो. मग पहिल्या पाचांत कोण येईल ते नावावर ठरणार नाही. माहिती भरणाऱ्याने कोणता कळफलक वापरला, त्यावर ठरेल.

दुसरा प्रश्न, कापायचे कुठे? जँगोत क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, गरज पडेपर्यंत चालत नाही. ती चालण्याआधी तुकडा मागितला तर मागणीतच मर्यादा जाते आणि पाचच ओळी येतात. पण टेम्पलेटमध्ये आधी कुठे तीच यादी पूर्ण फिरवली असेल किंवा तिची लांबी लेंथ फिल्टरने विचारली असेल, तर सगळ्या ओळी आधीच उचलून आणलेल्या असतात. मग स्लाइस करणे म्हणजे शंभर पानांचा स्वयंपाक करून पाच पाहुण्यांना वाढणे. याहून वाईट प्रकार म्हणजे सगळी यादी ब्राउझरकडे पाठवून उरलेली नुसती दृष्टीआड करणे. पानाचा स्रोत उघडणाऱ्या कुणालाही ती वाचता येते. जे दाखवायचे नाही ते पाठवूच नये.

यावर कुणी म्हणेल, मग पूर्ण यादीच दाखवा, वाद मिटेल. तो मिटत नाही. दहा हजार ओळींचे पान वाचकाला निवड करण्याचे ओझे देते आणि त्याचा वेळ खाते. त्यात हवी ती ओळ सापडली नाही, तर ती दाखवली काय आणि न दाखवली काय, सारखेच. कापणे अपरिहार्य आहे. प्रश्न उरतो तो जबाबदारीचा.

आपल्याकडे या जबाबदारीला कायद्याचे रूप होते. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्यात संपादक म्हणजे वर्तमानपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या हाती आहे ती व्यक्ती, अशी व्याख्या होती. त्याच कायद्यानुसार संपादकाचे नाव अंकावर छापावे लागे. पुढे त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. पण निवड करतो तो उत्तर देतो, हे तत्त्व जुने होत नाही. वेबपानावर ‘:५’ लिहिणारा त्या व्याख्येच्या अगदी जवळ जातो, फक्त त्याचे नाव कुठेच छापले जात नाही.

स्लाइसचा एक स्वभाव इथे ध्यानात घ्यावा. त्याला आकड्याऐवजी भलतेच काही दिले तर तो तक्रार करत नाही. मुकाट्याने सगळी यादी पानावर ओततो. वाचकासमोर पान कोसळू नये म्हणून ही सौम्यता. पण त्यामुळे चूक झाल्याचे पहिल्यांदा कळते ते प्रोग्रामरला नव्हे, वाचकाला.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. क्रम स्पष्ट सांगावा, आणि दोन घटक समान ठरले तर पुढे कोण, हेही ठरवावे. यादी मागणीतच कापावी. टेम्पलेटवर ते काम सोपवू नये. एकूण किती आणि त्यातले किती दाखवले, हे पानावर लिहावे आणि उरलेल्यांकडे जाण्याची वाट ठेवावी. क्रम कशावरून लावला तेही सांगावे: तारखेवरून, नावावरून, खपावरून, की कुणी पैसे मोजले म्हणून. वाचकानेही ‘ताजे’, ‘लोकप्रिय’, ‘निवडक’ असे मथळे दिसले की विचारावे, कुणाच्या हिशेबाने? ज्या पानावर याचे उत्तर मिळत नाही, त्या पानावरच्या पहिल्या पाचांना पाचांपेक्षा जास्त मान देऊ नये.