शंकासमाधान : अभिषिक्ताला हिशेब विचारावा का?

शंका : दानार्पणाचा हिशेब मागितला की आमचे पाळक म्हणतात, ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये.’ हिशेब विचारणे हे खरोखर पाप आहे का? (अमरावती)

समाधान : नाही. ज्या प्रसंगाच्या आधारावर हे ऐकवले जाते तो अर्धाच सांगितला जातो. एन-गेदीच्या गुहेत शौल राजा दावीदाच्या हाती आयता सापडला होता. शौल देवाचा अभिषिक्त म्हणून दावीदाने त्याला मारले नाही, फक्त झग्याचा काठ कापून घेतला. इथवर सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर दावीद गुहेबाहेर आला, त्याने शौलाला मोठ्याने हाक मारली आणि तू माझ्यावर अन्याय करतो आहेस, हे तोंडावर सुनावले. हात आवरला होता, जीभ नव्हे. पुढे दावीद स्वतः राजा झाला, उरीयाच्या बायकोच्या प्रकरणात घसरला, तेव्हा नाथान संदेष्टा दारात उभा राहिला. अभिषेक तर दावीदाचाही झाला होता, पण त्याने ती ढाल पुढे केली नाही. पाप केले, एवढेच तो बोलला.

पैशाबाबत पौलाचे वागणे तर कुठल्याही खजिनदाराने गिरवावे असे आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमलेला निधी त्याने एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला आणि करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारणही कळवले : या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, व्यवहार देवापुढे चोख असावा तसा माणसांपुढेही. प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही ते पाळकाला का वाटावे?

वऱ्हाडातल्या मंडळ्यांमधल्या हिशेबाच्या भांडणाला जमिनीचीही बाजू आहे. अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात अलायन्स मिशन, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट अशी परदेशी मिशने रुजली. मिशनरी परत गेले. बंगले, शाळा, मोकळी आवारे इथेच राहिली आणि शहरे वाढून त्यांच्या अंगाला भिडली. तेव्हा पंचांची निवडणूक तापली की ती उपासनेवरून तापली की प्लॉटवरून, हे आधी पाहावे. बहुतेकदा दुसरेच निघते.

कायद्याचे म्हणाल तर मंडळीची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली (मूळचा १९५० चा मुंबई कायदा) झालेली असेल, तर हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारक आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. नोंदणीच्या कागदांच्या नकला फी भरून मागता येतात. यात बंडखोरी कसलीच नाही. ज्या मुलखात शेंडगावच्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभारल्या आणि अंगावर मात्र चिंध्याच ठेवल्या, तिथे पाळकाकडून चोख हिशेबाची अपेक्षा करणे फार झाले, असे कोणी म्हणू नये.

विचारण्याची रीत मात्र पाळावी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलेला आहे : आधी एकांतात, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीपुढे. वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकू नये, असे तीमथ्यालाही बजावलेले आहे. व्हॉट्सॲपचा ग्रुप यातल्या कोणत्याच पायरीवर बसत नाही.

शंका : दरवर्षी तीन दिवसांच्या संजीवन सभा होतात. लोक रडतात, हात वर करतात, चौथ्या दिवशी सगळे होते तसेच. मग खरे संजीवन ओळखायचे कसे? (अकोला)

समाधान : रडण्यावरून ओळखू नये, आणि रडण्याला हसूही नये. मराठी मुलखातले सर्वांत गाजलेले संजीवन केडगावच्या मुक्ती सदनातले. १९०५ च्या सुरुवातीपासून पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुली जमवल्या आणि जूनअखेरीस त्या आश्रमात पश्चात्तापाचा असा लोट आला की मोठ्याने रडणे, पापे कबूल करणे रात्री उशिरापर्यंत चाले. काही मिशनऱ्यांनाही तो गलका रुचला नव्हता. पण त्या मुलींपैकी अनेक जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या, आणि त्या लोटानंतर त्यांच्या टोळ्या गावोगावी सुवार्ता सांगायला निघाल्या. रमाबाई तर १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटेपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराला जुंपलेल्या होत्या. आश्रमातले दळण, विणकाम, छापखाना काहीच थांबले नाही. संजीवनानंतर कामाचा उरक वाढला, हे महत्त्वाचे.

नहेम्याचे पुस्तक या दृष्टीने वऱ्हाडी माणसाने जरूर वाचावे. आठव्या अध्यायात एज्रा चौकात नियमशास्त्र वाचतो आणि ऐकताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. संजीवन सभांना हाच अध्याय फार आवडतो. पण त्याच्या आधी पाचवा अध्याय आहे. शेते गहाण, द्राक्षमळे गहाण, पोरे दुसऱ्याच्या घरी राबायला, आणि कर्ज देणारे परके नव्हेत, आपलेच भाऊबंद. नहेम्या संतापला. त्याने सभा बोलावली, सावकारांना तोंडावर विचारले, शेते परत करवली आणि व्याज सोडायला लावले. सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता त्याने स्वतः बारा वर्षे घेतला नाही. कापूस आणि कर्ज ज्या जिल्ह्यांत एकाच श्वासात बोलले जाते, तिथल्या मंडळीला याहून अधिक समजावून सांगायला नको.

म्हणून पुढच्या सभेनंतर तीन महिन्यांनी पाहावे : कोणी कोणाचे पैसे परत केले? बोलणे बंद असलेले दोन भाऊ एका बाकावर बसले का? पाळकाच्या घरचा आवाज खाली आला का? यातले काहीच घडले नसेल, तर मंडपाचे भाडे वाया गेले.

शंका : स्त्रियांनी मंडळीत नेतृत्व करावे का? (परतवाडा)

समाधान : मंडळीमंडळीत नियम वेगळे आहेत. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूपद पुरुषांनाच मिळते. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा दिली जाते. पवित्र शास्त्रात प्रिस्किल्ला आपल्या नवऱ्यासह अपुल्लोसारख्या विद्वानाला शिकवते, फिबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे. एवढा आधार असताना बायकांनी भाकरी थापाव्यात, सतरंज्या उचलाव्यात आणि पंचांच्या बैठकीत मात्र दिसू नये, या रिवाजाला शास्त्र म्हणणे धाडसाचे आहे.

शंका : स्वप्नात पाचारण झाले म्हणून एक तरुण स्वतःला पास्टर म्हणवतो. शिक्षणाची गरज नाही म्हणतो. त्याच्यामागे जावे का? (अकोला)

समाधान : थांबावे. नवशिक्याला अध्यक्ष करू नये, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच आहे. पाचारण खरे असेल तर ते दोन-तीन वर्षांच्या अभ्यासाने विझणार नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली निघाली ती आपल्या यवतमाळात, १९८३ मध्ये पुण्याला गेली, आणि देशभरच्या पाळकांनी तिथे धडे घेतले. दुसरीकडे ना. वा. टिळकांचे उदाहरण पुढे केले जाते : १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. खरे आहे. पण तोवर बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाली होती, आणि सोडला तो त्यांनी स्वतःचा पगार. या तरुणाने काय सोडले, हे त्यालाच विचारावे.

वाचकांना विनंती : शंका पाठवताना पाळकाचे किंवा मंडळीचे नाव लिहू नये. आणि तक्रार असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली पहिली पायरी चढून झाल्यावरच पत्र टाकावे.