गतीचा साक्षी

रडार म्हटले की मनासमोर युद्धनौका उभ्या राहतात, विमानतळांवरची फिरती पाती उभी राहतात. पण माझ्या टेबलावर ज्या रडारची जुळणी चालली आहे ते तळहाताच्या खळग्यात सहज मावेल एवढे आहे. एका छोट्या पट्टीवर तांब्याचे काही चौकोन, मागे बोटभर तारा, शेजारी आकडेमोड करणारा लहानसा संगणक आणि या सर्वांना पोटात घेणारी प्लॅस्टिकची पेटी. शाळा सुटण्याच्या वेळी आमच्या गल्लीतून वाहने किती वेगाने जातात हे ही पेटी फाटकाच्या खांबावर बसून पाहणार आहे. वस्तू क्षुल्लक, काम साधे. तरीही स्क्रू आवळता आवळता मन त्या चौकोनांपाशी थबकते आणि ज्या प्रवासातून हे ज्ञान माझ्या हातापर्यंत आले त्या प्रवासाचा माग काढू लागते.

हे चौकोन सेकंदाला सुमारे २,४०० कोटी वेळा स्पंदणारी लहर रस्त्यावर सोडतात. तिची लांबी जेमतेम साडेबारा मिलिमीटर. समोरून येणाऱ्या वाहनावर आदळून ती परतते तेव्हा किंचित दाटलेली असते, दूर जाणाऱ्यावरून परतते तेव्हा किंचित विरळ. आणि गेलेली लहर व आलेली लहर एकमेकींत मिसळली की दोघींमधला फरक तेवढा उरतो. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसाठी तो फरक सेकंदाला सुमारे १,८०० स्पंदनांचा असतो, म्हणजे थेट माणसाच्या श्रवणाच्या कक्षेतला. छोटा स्पीकर जोडला तर गाडीचा वेग शिळेसारखा ऐकू येतो. गाडी मंदावली की स्वर उतरतो, थांबली की विरतो. कोट्यवधी स्पंदने इंद्रियांच्या पलीकडे राहतात आणि त्यांच्यातले अंतर मात्र कानात येऊन बसते, याचे मला नित्य नवल वाटते. काळाचे आपले ज्ञान तरी याहून वेगळे कुठे आहे? वाहणारा काळ आपल्याला कधीच दिसत नाही. कालचा चेहरा आणि आजचा चेहरा शेजारी ठेवले की त्यांच्यामधल्या तफावतीतून तो स्वतःला ऐकवतो.

ख्रिस्तियान डॉपलरने १८४२ साली प्रागमध्ये गतीने लहर दाटण्या-विरळण्याचा हा नियम मांडला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रस्ते नव्हते, तारे होते. परस्परांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या रंगांचे कोडे त्याला सोडवायचे होते. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलटने धावत्या रेल्वेवर तुतारीवादक बसवले, रुळाशेजारी सुरांची पारख असणारे श्रोते उभे केले आणि ताऱ्यांसाठी सुचलेली कल्पना माणसांच्या कानांनी पडताळून पाहिली. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आले की खोडदच्या माळावरच्या विशाल अँटेना मला आठवतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेनांची ती दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या ध्यासातून उभी राहिली. दूरच्या आकाशगंगांमधला हायड्रोजन कोणत्या गतीने फिरतो आहे हे तिथे ज्या नियमाने वाचले जाते, त्याच नियमाने त्या रस्त्यावरून भाजी घेऊन जाणाऱ्या टेंपोचा वेगही वाचता येतो. निसर्गाच्या नियमाला थोर आणि सामान्य असा भेद ठाऊक नसतो; तो भेद पाहणाऱ्याच्या मनात असतो, आणि अशा एखाद्या क्षणी तिथूनही गळून पडतो.

माझ्या लहरीच्या कुळाचे भारतातले मूळ शोधायचे तर कोलकात्यात जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बोस तिथे २५ पासून ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण करीत होते; ही साडेबारा मिलिमीटरची लहर त्याच पट्ट्यातली. उपकरणे ते कारागिरांकडून घडवून घेत. पिळलेल्या तागाच्या जुड्या लहरीच्या वाटेत ठेवून तिचा कल कसा वळतो हे त्यांनी दाखवले, आणि पुस्तकाच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घालून तिला चाळले. ताग बंगालच्या मातीतला, पुस्तक घरातले, आणि त्यांच्या साक्षीने उलगडणारे रहस्य मात्र विश्वाचे. हाताने घडवलेल्या उपकरणात घडवणाऱ्याची जिज्ञासा मुरलेली असते. विकत आणलेले उपकरण उत्तर देते. घडवलेले उपकरण आधी आपल्याकडून प्रश्न नीट विचारून घेते.

त्या प्रश्नांतला सर्वांत अवघड प्रश्न पावसाचा. पेटीला पाणी रोखायचे आहे आणि लहरीला वाट द्यायची आहे. धातूचे झाकण लहर अडवते, धातूचा अंश असलेला रंगही तिला रुचत नाही. म्हणून पुढची भिंत साध्या प्लॅस्टिकची, आणि तिची जाडी त्या पदार्थातल्या अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे साडेतीन-पावणेचार मिलिमीटर धरावी, की दोन्ही पृष्ठभागांवरून उलटणाऱ्या लहरी परस्परांना जवळजवळ पुसून टाकतात. तारा तळाच्या बाजूने आत घ्याव्यात आणि बाहेर त्यांना खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. पण सगळ्या फटी बुजवल्या की नवेच संकट उभे राहते. उन्हात तापलेल्या पेटीवर वळवाची सर कोसळते, आतली हवा आकसते, आणि ती पोकळी रबरी पट्टीच्या केसाएवढ्या फटीतूनही ओल आत ओढून घेते. म्हणून जाणकार पेटीच्या तळाशी टेफ्लॉन ताणून केलेला एक पातळ पडदा बसवतात. त्यातून वारा आणि वाफ जातात, थेंब जात नाही. आपल्या जुन्या घरांना भिंतींच्या माथ्याशी झरोके ठेवणाऱ्या गवंड्यांना हे शास्त्र वेगळ्या रूपात अवगत होते. अभेद्य होण्याच्या हट्टात माणसेही अशीच आतून ओलावत, गंजत जातात. बाहेरच्या जगाशी श्वासापुरते नाते राखणारा मात्र अनेक पावसाळे कोरडा राहतो.

आणि या साक्षीदाराला मर्यादाही आहे. तो कोणाचा चेहरा पाहत नाही, वाहनाचा क्रमांक वाचत नाही. कोण गेले हे त्याला विचारायचेच नाही. वाटेशी २० अंशांनी तिरका बसवला तर ताशी ४० चा वेग त्याला साडेसदतीसच्या आसपास भासतो, म्हणून तो कोन हिशेबात मिळवावा लागतो. हा तिरपेपणा वाढत काटकोनाला पोहोचला की वेग शून्यच दिसू लागतो. त्याच्या दृष्टीला आडवे जाऊन रस्ता ओलांडणारे मूल, कडेला वाहनांची रांग सरण्याची वाट पाहत उभी असलेली आजी, यांची नोंद त्याच्या वहीत जवळजवळ उमटतच नाही. ज्यांच्यासाठी हे सारे मांडले, तेच या दृष्टीच्या बाहेर. मला ही उणीव मोजणाऱ्या प्रत्येक विद्येची वाटते. आकडा जे सरकते, झेपावते, आवाज करते त्याच्याकडे धावतो आणि जे थांबले आहे ते रिकामी जागा म्हणून मागे राहते. त्यामुळे वेगांची यादी हाती येईल तेव्हा ती वाचण्याचे काम यंत्राचे नसेल. आपण कोणासाठी मोजायला निघालो होतो, ही आठवण वाचणाऱ्यालाच जवळ बाळगावी लागेल. कितीही कुशलतेने घडवली तरी पेटीत ती बसवता येत नाही.