'या बुनय्य' : हाकेतील माया



अरबी भाषेत पुत्राला 'इब्न' म्हणतात. त्याचेच लाडिक रूप म्हणजे 'बुनय्य'. व्याकरणात यास 'तसगीर' अशी संज्ञा आहे. मराठीत आपण 'बाळा', 'सोन्या' म्हणतो, तशीच ही हाक. दिव्य कुरआनात ती सहा वेळा येते, चार पित्यांच्या मुखातून.

पहिले हजरत याकूब (अ.). लहानगा यूसुफ (अ.) आपले स्वप्न घेऊन थेट पित्याकडे येतो. पिता हसण्यावारी नेत नाही, पूर्ण ऐकून घेतो आणि मग 'बुनय्य' म्हणून सावधगिरीचा सल्ला देतो. ज्या घरात बालकाचे स्वप्न ऐकले जाते, त्याच घरात पुढे त्याची चूकही सांगितली जाते.

दुसरे हजरत लुकमान. सूरह लुकमानमध्ये ते तीनदा ही हाक देतात. शिकवण तौहीदपासून सुरू होते, नमाज व सब्र यांवरून चालण्याबोलण्यातील विनयापर्यंत येते, आणि आवाज खाली ठेवण्याच्या उपदेशाने संपते. विचार करा, हा उपदेश ओरडून देता येईल काय? फजरच्या नमाजसाठी मुलाला उठवताना आपला स्वर कसा असतो, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

तिसरे हजरत इब्राहीम (अ.). पुत्र सोबत धावपळ करू लागेल एवढा झाला आहे. अल्लाहची आज्ञा स्पष्ट आहे. तरीही पिता त्याला विचारतो की, तुझे मत काय? उत्तरात पुत्र 'या अबति', म्हणजे 'हे माझ्या बाबा', असे संबोधून संमती देतो. वयात आलेल्या मुलाला केवळ आज्ञा पुरत नाही. त्याला विचारात घ्यावे लागते. शिक्षण, व्यवसाय आणि निकाह यांविषयी आपण मुला-मुलींना खरोखर विचारतो का, की निर्णय कळवतो?

चौथे हजरत नूह (अ.). पुत्र प्रौढ आहे, अवज्ञा करणारा आहे. समोर प्रलयाच्या लाटा आहेत, आणि तरीही हाक तीच, 'या बुनय्य'! पुत्राच्या उत्तरात 'बाबा' हा शब्दही नाही. तो बुडाला. यावरून कळते की, हिदायत अल्लाहच्या हाती आहे. पालकाच्या हाती फक्त हाक आहे. मात्र ती शेवटच्या क्षणापर्यंत थांबता कामा नये.

मुलींच्या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदर्श पाहा. हजरत फातिमा (रजि.) येत, तेव्हा ते उठून पुढे जात, त्यांचे चुंबन घेत आणि आपल्या जागी बसवीत. कन्या विवाहित झाली म्हणून माया आटली नाही.

कोकणातील कित्येक घरांतील वडील आखाती देशांत आहेत. व्हिडिओ कॉलवर ते दोनच प्रश्न विचारतात: नमाज पढलास का आणि गुण किती पडले? प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांच्याआधी एकदा 'बाळा, आज तुझा दिवस कसा गेला?' असे विचारा. जे घरीच आहेत, त्यांनी इशानंतरचे जेवण एका दस्तरखानावर, मोबाईल दूर ठेवून घ्यावे. मिसरूड फुटलेल्या मुलाला 'बाळा' म्हणण्यात संकोच कसला? पैगंबरांना तो वाटला नाही.

अल्लाह आपल्या वाणीत माया आणि आपल्या संततीत डोळ्यांची शीतलता देवो. आमीन.