तबकडीची मागची बाजू

आषाढी एकादशीला पापाटोएटोएतल्या आमच्या घरी भजन असतं. ऑकलंडला तेव्हा ऐन हिवाळा. हीटरपाशी ठेवल्याशिवाय टाळ हातात धरवत नाहीत. शेजारचे माओरी आजोबा, ज्यांना सगळी गल्ली ‘कोरो’ म्हणते, दरवर्षी येऊन कोपऱ्यात बसतात. यंदा खिचडी खाऊन झाल्यावर त्यांनी घरून गिटार आणली आणि ‘टेन गिटार्स’ सुरू केलं. हात तारांवरून खाली आला की तळव्याची कड तारांवर टेकायची आणि नाद जागीच तुटायचा, ‘चक्’. पुन्हा छेड, पुन्हा ‘चक्’. आमच्या ह्यांनी कुणी न सांगता टाळ उचलले.

“हे आमचं गाणं,” कोरो म्हणाले.

एंगलबर्ट हम्परडिंकनं 1967 साली ‘रिलीज मी’ गायलं. तेही मुळात 1940च्या दशकातलं, दुसऱ्यांनी आधी गायलेलं. त्या तबकडीच्या मागच्या बाजूला होतं ‘टेन गिटार्स’, गॉर्डन मिल्सनं लिहिलेलं. नवल असं, की गायक आणि गीतकार दोघांचाही जन्म मद्रासचा. जगानं पुढची बाजू ऐकली, न्यूझीलंडनं तबकडी उलटली. गॅरेजमधल्या मैफलींत, लग्नांत हे गाणं इतकं फिरलं, की लोक त्याला देशाचं दुसरं राष्ट्रगीतच म्हणू लागले.

मग ते कुणाचं? गीता सांगते, कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही. मागच्या बाजूच्या गाण्याचं फळ दूरच्या बेटावर, परक्यांच्या अंगणात पिकलं. मला हे फार खरं वाटतं. पण अडतं ते नामदेवांपाशी. भजनात शेवटी म्हटलेल्या त्यांच्या अभंगाला राम फाटकांनी चाल दिली, भीमसेनजींनी तो घराघरांत नेला, माझी आई तोच वेगळ्या चालीत म्हणायची. चाल बदलली, गळा बदलला, तरी शेवटी नामदेवांचं नाव येतंच. कर्तेपण सोडायचं, तर नाव कशाला?

त्या रात्री कोरोंचा हात बघताना वाटलं, नामदेवांचं नाव ही मालकीची सही नसावी. विठ्ठलापुढे दिलेली हजेरी असावी. आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या मागे आपलीही लागते. कोरोंच्या बायकोच्या तांगीत, म्हणजे माओरी अंत्यविधीत, दफनाच्या आदल्या रात्री, सगळ्यांनी हेच गाणं म्हटलं होतं. त्यांचं ‘आमचं’ मला तिथून कळलं. त्यावर मद्रासचा दाखला काढून काय खोडायचं होतं?

तरी मी मद्रासचं सांगितलं. ते खूश झाले. मग म्हणाले, “तुमचं ते शेवटचं पुन्हा म्हणा.” मी मोबाइलवर तानपुरा लावला. कोरोंनी कान देऊन एकेक तार जुळवली. आईच्या चालीत पहिली ओळ संपली आणि टाळांच्या मधल्या जागेत आलं, ‘चक्’.