वल्द, कसब आणि आडनाव

नागपूरच्या पाचपावली, गोळीबार चौक, इतवारी या भागांतल्या अनेक घरांत लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीशेजारी एक प्लास्टिकची पिशवी जपून ठेवलेली असते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांच्या नावाचा दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा, कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीची नक्कल असे कागद तिच्यात असतात. घड्यांवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले, काही लॅमिनेट केलेले. घरातले पोर बारावीला गेले की जातपडताळणीसाठी ही पिशवी बाहेर निघते.

आडनावाचा माग काढणे हा इतरत्र हौसेचा मामला असतो. इंग्लंडमधला वेब किंवा वेबस्टर, जर्मनीतला वेबर या साऱ्यांच्या आडनावाचा अर्थ एकच, विणकर. कारागिरांच्या संघांच्या वह्या, उमेदवारीचे करार, चर्चमधल्या नोंदी असे करत ही मंडळी मागे मागे जातात आणि तळाशी एखादा विणकर पूर्वज सापडला की त्याचा कागद चौकट करून भिंतीवर लावतात. नागपुरात तोच पूर्वज सापडला तर घरावर सुतकी कळा येते. कारण पणजोबांच्या नावापुढे ‘कोष्टी’ लिहिलेले असते आणि कुटुंबाला हवी असते ती नोंद ‘हलबा’ अशी.

या दोन शब्दांमधले अंतर किती मोठे आहे, हे नागपूरकरांना सांगावे लागत नाही. हलबा, हलबी ही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतली जमात. कोष्टी ही विणकरांची जात. ती त्या यादीत नाही. शहरातल्या विणकरांच्या एका मोठ्या समूहाचे म्हणणे असे की, आम्ही मूळचे हलबा. विणकाम हा आमचा धंदा, धंद्यावरून लोक कोष्टी म्हणू लागले आणि तेच कागदावर चढले. पराते, निमजे, सोनकुसरे, नंदनवार, हेडाऊ अशी आडनावे या वस्त्यांमध्ये दारोदार दिसतात. पण आडनाव सांगून भागत नाही. जुना कागद लागतो, आणि तो जितका जुना तितका वजनदार.

मात्र जसजसे मागे जावे, तसतसे आडनावच गळत जाते. 1950-60 च्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी आजची मांडणी असते. 1910-20 च्या रजिस्टरात बहुधा ‘अमुक वल्द तमुक’ एवढेच सापडते. वल्द म्हणजे मुलगा. फारसी दफ्तराची ही खूण मध्य प्रांताच्या कारभारात इंग्रजांनीही चालू ठेवली. आडनावाच्या जागी जात असते, किंवा कसब. आडनाव शोधायला निघालेल्या नातवाच्या हाती आडनाव लागतच नाही. त्याच्या जागी, कुणीतरी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर लागते.

आणखी मागे गेले तर शाळा संपते. स्टीफन हिस्लॉपने नागपुरात शाळा काढली ती 1846 मध्ये, म्हणजे भोसल्यांचे राज्य अजून होते तेव्हा. ते राज्य 1853-54 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला, 1864 मध्ये नगरपालिका आली. त्यापूर्वीच्या विणकराचे नाव कागदावर यायचे ते कराच्या निमित्ताने. गावाच्या शेतजमिनीला ‘काळी’ म्हणत आणि घरे उभी असलेल्या जागेला ‘पांढरी’. काळीवर सारा होता. शेती न करणाऱ्या कारागीर-व्यापाऱ्यांवर जो कर होता, त्याचे नाव ‘पंढरी’ किंवा ‘पांढरी’. हा मराठी अमदानीतला कर इंग्रजांना एवढा सोयीचा वाटला की 1867 मध्ये त्यांनी त्यासाठी मध्य प्रांतापुरता स्वतंत्र कायदा केला. विदर्भात पंढरीपांडे हे आडनाव ऐकले की हा कर आणि हिशेब लिहिणारा पांडे या दोहोंची आठवण होते. हिशेब लिहिणाऱ्याचा हुद्दा आडनाव होऊन टिकला. ज्यांचा हिशेब लिहिला गेला, त्यांचे कसब जात म्हणून चिकटले.

मराठी मुलखातल्या आडनावांची ही वाटणी फारशी कुणी लक्षात घेत नाही. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतने. शेटे आणि महाजन हेही पेठेतले मानाचे हुद्दे. पेठ वसवायची, व्यापारी-कारागिरांना आणून बसवायचे, त्यांचे तंटे सोडवायचे आणि त्याबद्दल हक्क घ्यायचे, हे शेटे-महाजनांचे काम. युरोपातल्या कारागीर संघांशी तुलनाच करायची तर या व्यवस्थेशी आणि प्रत्येक कसबाच्या जातपंचायतीशी करता येईल. पण पंचायतीचा व्यवहार तोंडी चालायचा. तिच्याकडे उमेदवारांच्या नावांच्या वह्या नव्हत्या.

वह्या नसल्या तरी एक दगड आहे. नाशिकच्या पांडव लेण्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन संघांकडे, म्हणजे ‘कोलिक निकायां’कडे, त्याने तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. दोन हजार एका संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्याकडे, शेकडा पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. हिशेब चोख आहे: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा-बारा. देणाऱ्याचे नाव आहे, सासऱ्याचे आहे, रक्कम आणि दर आहेत. विणकर मात्र एकही नावाने येत नाही. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी राजघराण्यातल्या माणसाने ज्यांच्यावर पैशाचा विश्वास टाकला, ते लेखात फक्त ‘गोवर्धनचे विणकर’ आहेत. संघाच्या नोंदीत संघ दिसतो. माणूस शोधणाऱ्याने तिच्याकडून फार अपेक्षा करू नये.

नागपूरला परत येऊ. इथला माग खड्ड्यातला. विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो, पावड्या दाबतो, धोटा या हातून त्या हातात फेकतो. त्याआधी ताण्याला खळ देण्याचे, पांजणीचे काम. त्याला लांबच लांब जागा लागते, म्हणून ते गल्लीत चाले आणि घरातल्या बायका-पोरांचे हात त्यात लागत. रेशीमकाठी धोतर आणि नऊवारी लुगडे ही या मागांची ख्याती. उमरेड, पवनी, खापा, भिवापूर ही आसपासची विणकरांची गावे. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे 1896-97 आणि 1899-1900 असे लागोपाठचे दुष्काळ पडले, आणि या गावांतली माणसे शहराकडे सरकत राहिली.

या सरकण्यातूनही आडनावे झाली. उमरेडमध्ये राहणाऱ्याला उमरेडकर कोण म्हणेल? पवनी सुटल्यावरच माणूस पवनीकर होतो. म्हणून उमरेडकर, पवनीकर, खापेकर, चिमूरकर या आडनावांतून कुळापेक्षा प्रवास अधिक कळतो, आणि एकाच गावाहून निघालेल्या चार जातींच्या माणसांना तेच आडनाव लागू शकते. धंद्याचेही तसेच. जाडेभरडे कापड या भागात महार समाजातले विणकर मोठ्या प्रमाणावर विणत. मोमिनपुऱ्याला नाव दिले ते मोमीन विणकरांनी. मोमिनांना इंग्रजी जनगणना ‘जुलाहा’ लिहीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो शब्द नाकारला, मोमीन-अन्सारी म्हणवून घेतले, आणि अन्सारी हे आडनाव उत्तर हिंदुस्थानापासून कामठीपर्यंत पसरले. एकाच शहरात एकाच धंद्याच्या तीन समाजांच्या नावांना तीन वेगळ्या वाटा फुटल्या.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात हलबा आणि कोष्टी यांच्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि कोष्ट्यांच्या पोटशाखा सांगताना लाड, देशकर यांच्याबरोबर विणकामाकडे वळलेल्या हलबांचाही उल्लेख येतो. दाव्याच्या बाजूचे लोक ही ओळ पुढे करतात. विरोधी बाजू त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणते: पोटशाखा म्हणजे शेवटी कोष्टीच की!

कायद्याने हा वाद कसा सोडवला? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हलबांना जमातीचा दर्जा होता, पण मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा अशा ठरावीक भागांपुरता. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्राचे बंधन उठले आणि नागपुरातून दावे वाढले. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी जमातीच्या एका प्रकरणात पडताळणी समित्यांची आणि दक्षता पथकाची पद्धत आखून दिली. शाळेच्या रजिस्टराला खरा अधिकार आला तो इथून. 28 नोव्हेंबर 2000 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलबा-कोष्टींबाबतच निकाल दिला: यादी आहे तशी वाचायची, अमुक पोटजात तिच्यात येते का याचा पुरावा घेत बसायचे नाही, आणि हलबा-कोष्टी यादीत नाहीत. 2001 मध्ये राज्याचा पडताळणी कायदा आला. 2011 मध्ये एका हलबी दाव्यातच सर्वोच्च न्यायालय म्हणाले की स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुरावामूल्य अधिक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर दावा अवैध ठरलेल्यांच्या नोकऱ्या अडचणीत आल्या आणि 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अनेक कर्मचारी ‘अधिसंख्य’ पदांवर गेले.

घटनापीठाच्या या भूमिकेमागचे कारण नागपूरच्या विणकर वस्तीत बसून दिसत नाही. त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यात, कोरची-कुरखेड्याच्या बाजूला उभे राहावे लागते. तिथल्या हलबा मुलाला शहरातल्या, दोन पिढ्या शिकलेल्या घराशी एकाच राखीव जागेसाठी झुंजावे लागले तर ती जागा कुणाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आदिवासी संघटनांचा आक्षेप हाच आहे आणि तो खरा आहे. यादी प्रत्येक दाव्यागणिक उघडली जाऊ लागली तर ती यादी राहणार नाही.

पण यादीची शिस्त मान्य केली म्हणून रजिस्टर हा वंशाचा आरसा ठरत नाही. त्याच रजिस्टरातला जन्मतारखेचा रकाना बघावा. विदर्भातल्या जुन्या पिढीत 1 जुलैला जन्मलेल्यांची संख्या थक्क करणारी आहे. शाळा त्या सुमारास उघडते. बापाला तारीख आठवत नाही. मास्तर पोराकडे बघतात, वयाचा अंदाज बांधतात आणि तारीख बसवून टाकतात. या तारखेवर घरातलेही कुणी विश्वास ठेवत नाही. मग त्याच मास्तरांनी, त्याच टाकाने, त्याच मिनिटाला शेजारच्या रकान्यात लिहिलेला शब्द तेवढा पोथीतल्यासारखा प्रमाण कसा? ‘काय करतो रे तुझा बाप?’ आणि ‘कोणत्या लोकांपैकी तुम्ही?’ हे दोन प्रश्न मागावर बसणाऱ्या माणसाला वेगळे वाटत होते का? एकाच घरातल्या एका भावापुढे ‘हलबा’, दुसऱ्यापुढे ‘कोष्टी’ आणि चुलत्यापुढे ‘हलबा कोष्टी’ अशा नोंदी पडताळणीत निघतात. त्यातला एखादा खोटे बोलला असेलही. पण वेगळ्या वर्षी, वेगळ्या मास्तरांनी, वेगळ्या शब्दांत विचारले असेल, ही शक्यता अधिक साधी आहे.

रजिस्टर नाव नुसते नोंदत नाही, घडवतेही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले, भिवा रामजी आंबेडकर. घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे. कुळात पूर्वी नसलेले आडनाव त्या रजिस्टराने पक्के केले आणि आज महाराष्ट्र तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला याच नागपुरात आंबेडकरांसह लाखो लोकांनी धर्म बदलला. त्यांच्या मुलांच्या दाखल्यांवर ‘बौद्ध’ आले. तरी सवलतीचा प्रश्न आला की धर्मांतरापूर्वीची जात सांगणारा बापाचा दाखला पुन्हा बाहेर काढावा लागला. ज्या शब्दातून बाहेर पडायचे म्हणून दीक्षा घेतली, तोच शब्द सिद्ध करायला रांगेत उभे राहायचे, असा हा पेच.

मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी सप्टेंबर 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनंतर राज्यभर जुन्या दफ्तरांचे रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. रजिस्टरांची पाने एका शब्दासाठी, ‘कुणबी’साठी, चाळली गेली. विणकरांच्या बाबतीत शोध ‘हलबा’चा होता, इथे ‘कुणबी’चा. पान तेच, शोधणाऱ्याची नजर एकाच रकान्यावरून खाली सरकत जाते.

बाकीचे रकाने तसेच राहतात. जन्मगाव, पूर्वीची शाळा, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कुटुंब उमरेडहून केव्हा आले, पोरगा तिसरीतून का निघाला, त्या वर्षी त्याच गल्लीतली आणखी किती पोरे निघाली आणि ते दुष्काळाचे वर्ष होते की गिरणीत भरतीचे, हे त्या रकान्यांवरून जुळवता येते. कुटुंबाचा इतिहास म्हणतात तो तिथे आहे.

शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नातवाला मात्र ते पान पूर्ण दिसत नाही. कारकून रजिस्टर उघडतो, ओळीखाली पट्टी धरतो, नाव आणि जात उताऱ्यावर उतरवून घेतो आणि शिक्का मारतो. वरच्या-खालच्या ओळींतली शेजारची पोरे, त्यांच्या बापांचे धंदे, त्यांची गावे पट्टीच्या दोन्ही बाजूंना तशीच राहतात. ‘पूर्ण पानाचा फोटो काढू का?’ असे एखाद्याने विचारलेच, तर अर्जात ज्या नावाची मागणी आहे तेवढीच नक्कल मिळेल, असे उत्तर येते आणि मागचा माणूस आपली पिशवी पुढे सरकवतो.