पोटावरची पिशवी आणि प्रभूचे मेज



आपल्यातील एक काका अडीच महिने रविवारच्या मिस्साला आले नव्हते. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाले, "फादर, कपड्यांना वास येईल, लोक नाक धरतील. कसा येऊ?" त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.

आतड्याला पीळ पडल्यामुळे त्यांच्या लहान आतड्याचा बराच भाग काढावा लागला. माणसाचे हे आतडे साधारण वीस फूट असते. काकांचे फार थोडे उरले आहे. त्याचे टोक पोटावर बाहेर काढले असून तिथे पिशवी चिकटवलेली असते. त्या तोंडाला आवरून धरणारा स्नायू नसतो, म्हणून शौच कधी व्हावी हे माणसाच्या हाती राहत नाही. पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करावी लागते, रात्री उठूनसुद्धा. नीट बसलेल्या पिशवीचा वास येत नाही, पण धास्ती जात नाही.

त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा. 1892 पासून मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाच्या परिसरात आपण राहतो आणि काकांच्या अंगात पाणी टिकत नाही! नुसते पाणी भरपूर प्यायले तर ते अंगातले मीठही घेऊन बाहेर पडते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले मीठ-साखरेचे पाणी दिवसभर घोट घोट घ्यायचे, थोडे थोडे पुन्हा पुन्हा खायचे. एप्रिल-मेच्या उन्हात यात हयगय झाली तर जिवावर बेतू शकते.

आता आमची चूक सांगतो. मिस्सा चालू असताना ते बाटलीतून पिताना दिसले आणि आम्ही वेदीवरून ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या उपवासाबद्दल चार शब्द सुनावले. नाव घेतले नाही, पण सगळ्यांनी मागे वळून पाहिले. खरे तर 1983 च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम 919 स्पष्ट आहे : पाण्याने व औषधाने तो एक तासाचा उपवास मोडत नाही आणि आजाऱ्यांनी त्या तासात काही खाल्ले तरी ते ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. राखेच्या बुधवारचा व शुभ शुक्रवारचा उपवासही आजाऱ्यांवर बंधनकारक नाही. काकांची आम्ही क्षमा मागितली आहे.

सेमिनरीत आत्मा आणि शरीर यांवर आम्ही पुष्कळ वाचले. आतड्याविषयी कोणी बोलल्याचे आठवत नाही. प्रभू येशू मात्र बोलला. मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडा. अन्न पोटात जाते आणि बाहेर टाकले जाते, ते माणसाला विटाळवत नाही, असे तो शिष्यांना आडपडदा न ठेवता सांगतो. विटाळ मनातून निघतो. त्या रविवारी मागे वळलेल्या नजरा, आणि सर्वांत आधी आमचे शब्द, याच वर्गात बसतात.

संत पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर 13 मे 1981 रोजी गोळीबार झाला, तेव्हा त्यांच्याही आतड्याचा भाग काढून शौचमार्ग काही काळ पोटावर काढावा लागला होता. ऑगस्टमध्ये तो पुन्हा जोडला गेला. 1986 साली ते मुंबईला आले तेव्हा आपल्यापैकी कोणी दर्शनाला गेले असेल. पोपसाहेबांच्या पोटाचा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

काका येत्या रविवारी येणार आहेत. दाराजवळच्या शेवटच्या बाकाचे टोक त्यांच्यासाठी मोकळे ठेवावे. मागील शौचालयाची चावी यापुढे आमच्या खोलीत नसेल, दाराशेजारच्या खिळ्यावर असेल. आत बादलीभर पाणी, साबण आणि झाकणाची कचरापेटी ठेवली आहे. ते मध्येच उठले तर वाट द्या, आणि परत आले की नेहमीसारखे सरकून जागा करा.