रक्षण नेमके कोणाचे?

‘असायलम’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे दोन वाटांनी येतो. जीव मुठीत घेऊन पळालेला एखादा पत्रकार परक्या देशात असायलम मागतो, ही वर्तमानपत्रातली वाट. दुसरी वाट जुन्या सरकारी दप्तरातून येते : वेड्यांचे असायलम, महारोग्यांचे असायलम. पहिल्या ठिकाणी माणूस स्वतः दार ठोठावतो, दुसऱ्या ठिकाणी त्याला पोलीस आणून सोडतात. शब्द मात्र एकच. हे कसे झाले, याचा विचार करताना मला वर्धा जिल्ह्याबाहेर फार लांब जावे लागले नाही.

मूळ शब्द ग्रीक. माणसाला किंवा त्याच्या मालमत्तेला ओढून नेण्याचा हक्क जिथे कोणाचाच चालत नाही, अशी जागा म्हणजे ‘असुलॉन’. बहुतेक वेळा ते देऊळ असे. मालकाच्या माराला कंटाळलेला गुलाम, सावकाराला चुकवून आलेला ऋणको, हरलेल्या बाजूचा सैनिक असा कोणीही त्या आवारात शिरला की त्याच्या अंगाला हात लावणे हा देवाचा अपराध ठरे. रोमची वसाहतच मुळी अशा आसऱ्यातून उभी राहिली, असे रोमन लोक सांगत. गाव वसवताना रोम्युलसने एक जागा राखून ठेवली आणि आजूबाजूचे परागंदा लोक तिथे येऊन राहिले. पुढे युरोपातल्या चर्चनी हीच रीत पाळली. पंधराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याच्या अंगी हाच अर्थ होता. तिथे भिंतीचे काम एकच होते, बाहेरचा हात आत येऊ न देणे.

मग दया संस्थेच्या रूपात येऊ लागली. १७५८ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात अनाथ मुलींसाठी असायलम निघाले. हेतू चांगलाच होता. एकोणिसाव्या शतकात वेड्यांसाठी मोठमोठ्या इमारती झाल्या आणि १८५८ मध्ये हिंदुस्थानातही त्यासाठी कायदा आला. भिंती होत्या तशाच राहिल्या, फक्त त्यांचे काम उलटे झाले. आता आतला माणूस बाहेर जाऊ नये, यासाठी त्या होत्या. हा बदल कोणी ठरवून केला असे मला वाटत नाही. दुबळ्याला आसरा देता देता, त्याच्या दुबळेपणाचा आपल्याला त्रास होऊ नये ही इच्छा हळूच आत शिरली, आणि एकदा शिरल्यावर तिनेच किल्ली हातात घेतली.

१८९८ चा महारोग्यांचा कायदा वाचला की ही किल्ली डोळ्यांना दिसते. रस्त्यावर भीक मागणारा, किंवा पोट भरण्याचे उघड साधन नसलेला कुष्ठरोगी दिसला तर पोलिसाने त्याला वॉरंटशिवाय पकडावे, डॉक्टरचा दाखला घ्यावा आणि त्याची असायलममध्ये रवानगी करावी, अशी त्यात सोय होती. ठरवून दिलेल्या भागात कुष्ठरोग्याने विकण्यासाठी अन्न शिजवू नये, सार्वजनिक विहिरीवरून किंवा तलावावरून पाणी भरू नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, अशीही बंदी घालता येई. कायद्याने पकडायचा तो कुष्ठरोगी निर्धन असावा लागे. ज्याला घर होते, शेत होते, मागच्या खोलीत ठेवून जेवण सरकवणारे नातेवाईक होते, त्याच्या वाटेला हा कायदा फारसा गेला नाही. जंतू श्रीमंत-गरीब पाहत नाही. कायदा पाहत होता. रोगाला अडवणे हाच खरा हेतू असता तर गरिबी ही अट कशाला लागली असती? अडचण रोगाची कमी आणि तो बाजारात डोळ्यांसमोर येण्याची जास्त, एवढाच याचा अर्थ होतो.

आपल्या समाजाला या बाबतीत इंग्रजांकडून काही शिकायचे होते असेही नाही. रक्तपिती झाली की माणसाला गावाबाहेर काढायचे, पूर्वजन्मीचे पाप म्हणायचे, त्याच्या भावंडांची लग्ने मोडायची, हे कायद्याच्या आधीपासून आपल्याकडे चालू होते. कायद्याने आपल्या वाळीत टाकण्याला फक्त शिक्का दिला.

या सगळ्याला उत्तर आपल्या जिल्ह्यात मिळाले. ते एकदम मिळाले नाही, टप्प्याटप्प्याने मिळाले, आणि त्यातही चाचपडणे होतेच.

विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीला राहत होते, त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत जात होते. या भागात कुष्ठरोग भरपूर. आश्रमातले मनोहर दिवाण यांच्या मनाने घेतले की हेच काम करायचे. घरात म्हातारी आई, तिच्या पोटात भीतीचा गोळा. दिवाणांनी विनोबांना विचारले. विनोबांनी त्यांना उलट विचारले की हा रोग उद्या आईलाच झाला तर काय कराल? ही हकीकत विनोबांनीच सांगितलेली आहे. १९३६ मध्ये वर्ध्याला लागून दत्तपूरला महारोगी सेवा मंडळाचे काम सुरू झाले. त्या काळी देशात कुष्ठरोग्यांची सेवा म्हणजे मिशनऱ्यांचे काम, अशी समजूत होती आणि ती बरीचशी खरीही होती. दत्तपूरला शेती, गायी, सूत, माग हे सगळे रोगी स्वतः सांभाळू लागले. बोटे झडलेल्या माणसाला काम देणे निर्दयपणाचे नाही का, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. ताटात आयते पडणारे अन्न माणसाला आत कोंडून ठेवते. स्वतः पिकवलेल्या ज्वारीची भाकरी खाणारा माणूस मालकासारखा बसतो.

तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे पंडित, सत्याग्रही. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी होते तेव्हा हेही तिथेच होते, पण रोगामुळे वेगळ्या भागात. आता रोग वाढला होता, कुठे थारा उरला नव्हता. ते आश्रमात येऊन लांबच उभे राहिले.

पुढे काय झाले ते आपल्याला छायाचित्रातून माहीत आहे : सत्तरीचे गांधीजी, पुढे उघड्या अंगाने बसलेले शास्त्रीजी, आणि मालिश चाललेले. ते छायाचित्र इतके पाहिले गेले आहे की त्याच्या आधीची गोष्ट मागे पडते. शास्त्रीजींना ठेवून घेण्याआधी गांधीजींनी आश्रमातल्या लोकांना विचारले. आश्रमात बायका होत्या, मुले होती. कुष्ठरोगावर त्या वेळी खात्रीचे औषध नव्हते आणि संसर्गाची भीती काही खुळचट नव्हती. गांधीजी म्हणाले असते तर कोणी नाही म्हटले नसते. तरीही धोका ज्यांनी पत्करायचा त्यांना आधी विचारायला हवे, असे त्यांना वाटले. मला मालिशइतकीच ही विचारणाही मोठी वाटते. आपण उदार होतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा भार दुसऱ्यावर टाकून होतो. घरातला कर्ता पुरुष पाहुण्याला महिनाभर राहा म्हणतो आणि चूल पेटवायची बायकोने.

लोकांनी होकार दिला. शास्त्रीजींसाठी बापूकुटीपासून जवळच झोपडी बांधली गेली. सेवाग्रामला गेलात तर परचुरे कुटी आजही पाहता येते. मातीच्या भिंती, वर कौले, एका माणसाला पुरेल एवढी जागा. बहुतेक लोक बापूकुटी पाहून, चष्मा-घड्याळापुढे हात जोडून निघून जातात. या दोन कुट्यांमधले अंतर पावलांनी चालून पाहावे असे मी प्रत्येकाला सांगतो. ज्याला गावाबाहेर ठेवायचे त्याला इतके जवळ ठेवले होते, हे पायांना कळते. आणि शास्त्रीजी तिथे नुसते रोगी म्हणून राहिले नाहीत, संस्कृत शिकवत राहिले. त्यांच्याकडे देण्यासारखे काही आहे हे आश्रमाने मानले. पुढे ते दत्तपूरला गेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

१९४५ मध्ये विधायक कार्यक्रमाची पुस्तिका सुधारून काढताना गांधीजींनी कुष्ठरोग्यांची सेवा त्यात घातली आणि दिवाणांच्या कामाचा गौरवाने उल्लेख केला. हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभे केले. विदर्भाचा हा वारसा आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही माणुसकीची ठाणी झाली, पण ती गावापासून वेगळीच राहिली. आतल्यांना बाहेर जायला कोणी अडवत नव्हते. बाहेरच कोणी घेत नव्हते. बरा झालेला माणूस गावी गेला की ओसरीवर बसवून पाणी दिले जाई आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवले जाई. आपण देणगी दिली, गाडी भरून कपडे नेले, शाळेची सहल नेली, मुलांना डोळे भरून येतील असे भाषण ऐकवले, आणि आपल्याच चुलत्याला घरी आणले नाही. संस्थेच्या भल्या माणसांमुळे समाजाची कुंपणे आपोआप सुरक्षित राहिली. हा दोष त्या संस्थांचा नाही. तो आपला आहे.

हे ओळखणारे कामही वर्ध्यातच सुरू झाले. १९५१ मध्ये गांधी स्मारक निधीतून कुष्ठरोगासाठी फाउंडेशन निघाले, त्याचे मुख्य ठाणे वर्धा. डॉ. वर्देकरांनी एक पद्धत बसवली : घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि घरीच उपचार. डॅप्सोनची गोळी आली होती. रोग्याला उचलून संस्थेत आणण्याऐवजी कार्यकर्त्यानेच त्याच्या अंगणात जायचे. पुढे देशाच्या कार्यक्रमाने हीच वाट धरली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार आला, तो सगळ्यात आधी ज्या जिल्ह्यांत पोचला त्यांत वर्धा होता. आज सौम्य रोगाला ६ महिने, जास्त पसरलेल्या रोगाला १२ महिने गोळ्या. औषध फुकट, आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्ग लवकरच थांबतो.

त्या कामातली एक वस्तू मला फार बोलकी वाटते. ज्याच्या तळपायाची जाणीव गेली आहे त्याला काटा रुतला, निखारा लागला, खडा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि पाय जातो. म्हणून सरकारी दवाखान्यातून एमसीआर चप्पल मिळते. आतला थर मऊ रबराचा, अंगठ्याने दाबला की दबणारा. बाहेरचा तळ कडक, बाभळीचा काटा आत येऊ न देणारा. पट्टे बांधायचे, रोज रात्री पाय पाण्यात भिजवून तेल लावायचे, फट पडली का ते बघायचे, सकाळी पुन्हा शेतावर जायचे. हेही रक्षणच आहे, आणि ते माणसाला चालता ठेवते.

कायदे मात्र रेंगाळत आले. १८९८ चा कायदा केंद्राने रद्द केला तो २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यातही कुष्ठरोगी भिकाऱ्याला वेगळे अडकवून ठेवण्याचे कलम होते. औषध सापडल्यावरही इतकी वर्षे आपण कुलूप सांभाळले.

आणि कुलूप घराघरांतही आहे. कॉलेज सुटल्यावर शेवटची एसटी गावी पोचायला अंधार होतो, म्हणून मुलीचे शिक्षण बारावीला थांबवायचे. कारण विचारले तर काळजी. आजोबांना काही समजत नाही म्हणून पासबुक, सातबारा आपल्याकडे घ्यायचा, आणि पाहुणे आले की त्यांना मागच्या खोलीत बसवायचे. मानसिक आजार झालेल्या भावाला खोलीत बांधून ठेवायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला मनाई केली आहे आणि समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, पण घरात कोण बघायला येते? काळजी खोटी असते असे मी म्हणत नाही. आईच्या पोटातला गोळा खराच असतो, दिवाणांच्या आईचाही होता. पण अंधाराची भीती असेल तर एसटीची वेळ बदलून घ्यायला डेपोत जाता येते, बसस्टॉपवर बापाला उभे राहता येते. मुलीला घरी बसवणे हा त्यातला सगळ्यात सोपा उपाय, आणि त्याची किंमत एकटी तीच मोजते.

दर वर्षी ३० जानेवारीला गांधीजींच्या पुण्यतिथीला कुष्ठरोगविरोधी दिवस म्हणून ग्रामसभा होतात, प्रतिज्ञा वाचली जाते, आशाताई चट्टा कसा ओळखायचा ते सांगतात : त्वचेपेक्षा फिका, न खाजणारा, स्पर्श न कळणारा. हे सगळे हवेच. माझी सूचना इतकीच की पुढच्या सभेत गावातल्या बऱ्या झालेल्या माणसाला आधी घरी जाऊन विचारावे, तुम्ही चार शब्द बोलाल का, आणि सभेनंतरच्या चहाच्या वेळी आमच्याशेजारी बसाल का. त्यांनी नाही म्हटले, तर का म्हणाले ते बसून ऐकावे.